त्या किंचाळणाऱ्या मुली

दिवाळीच्या आधीची साफसफाई म्हणजे आमच्या घरी एक लहानसं युद्धच असतं. माळ्यावरचं खाली येतं, खालचं माळ्यावर जातं आणि टाकायचं म्हणून बाजूला काढलेलं निम्मं सामान "राहू दे गं, लागेल कधीतरी" म्हणत परत आपल्या जागी जाऊन बसतं. गेल्या वर्षी या धामधुमीत एक जड खोकं हाती लागलं. माझ्या थोरल्या दिरांचं. भाऊजी मुंबईला नोकरीला होते, लग्न केलं नाही, आणि पगारातला बराचसा भाग ग्रामोफोनच्या रेकॉर्डांवर घालवला, हे सासूबाईंचं जुनं दुखणं. भाऊजी गेल्यावर त्यांचं सामान नाशिकला आणलं, पण हे खोकं उघडायचा धीर कुणाला झाला नव्हता.

वर कुमार गंधर्व, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे. तळाशी चार-पाच इंग्रजी रेकॉर्डी. त्यातल्या एकीच्या कव्हरवर कार्यक्रमाची दोन तिकिटं छापलेली होती. मी मोठ्याने वाचलं, "द बीटल्स अ‍ॅट द हॉलिवूड बोल." सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "हॉलिवूडचे कसले गं बोल?" त्यांना वाटलं, आपल्या तबल्याचे असतात तसे काहीतरी बोल असतील. बोल म्हणजे तिथे वाडगा, डोंगराच्या कुशीतलं वाडग्याच्या आकाराचं मोठं उघडं नाट्यगृह, हे मलाही नंतरच कळलं.

मी मराठी घेऊन बी. ए. झालेली बाई. बीटल्स म्हणजे लांब केसांचे चार इंग्रज, ते ऋषिकेशला येऊन राहिले होते, आणि त्यातल्या एकाला गोळी घालून मारलं, एवढंच माझं ज्ञान. पण लेकाने मित्राकडून रेकॉर्ड प्लेअर आणला आणि एका रविवारी दुपारी आम्ही ती रेकॉर्ड लावली.

सुई टेकली आणि मी दचकलेच. गाणं कुठे होतं? नुसता आरडाओरडा! विमान उतरताना कानात जसं घोंगावतं ना, तसा एकसलग, थांबायचं नाव न घेणारा तीक्ष्ण आवाज. मला वाटलं, रेकॉर्ड खराब झाली. लेक हसायला लागला. "आई, ती खराब नाहीये. त्या मुली किंचाळताहेत. सतरा-अठरा हजार लोक होते तिथे." मग हळूहळू त्या आवाजाच्या खालून गाणं ऐकू यायला लागलं. पुराच्या पाण्याखालून रस्ता दिसावा तसं. जीव तोडून गात होते बिचारे.

"हा त्यांचा सगळ्यात दुर्लक्षित अल्बम गं," लेक म्हणाला. "कित्येक वर्षं सीडीसुद्धा नव्हती."

जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध बँडचा अल्बम आणि दुर्लक्षित? माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. मग महिनाभर, दुपारची आवराआवर झाली की मी त्याच्या मागे लागले. जे सापडलं ते तुम्हाला सांगावंसं वाटतंय, कारण ही गोष्ट गाण्याची जेवढी आहे तेवढीच आपली, बायांची आहे असं माझं मत झालंय.

१९६४ साल. फेब्रुवारीत बीटल्स पहिल्यांदा अमेरिकेत गेले आणि एका रविवारी रात्री टीव्हीवर गायले. तो कार्यक्रम ७ कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. त्यांच्या रेकॉर्डी अमेरिकेत काढणाऱ्या कॅपिटॉल कंपनीला वाटलं, लोक इतके वेडे झालेत तर त्यांच्या जाहीर कार्यक्रमाचीच एक रेकॉर्ड काढू. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधला कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायचं ठरलं, पण तिथल्या वादकांच्या संघटनेने परवानगी दिली नाही. मग ऑगस्टमध्ये ते पुन्हा अमेरिकेला आले, तेव्हा २३ तारखेला लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोलमध्ये कंपनीने आपली यंत्रं लावली.

कार्यक्रम जेमतेम अर्ध्या तासाचा. तेव्हा तशीच पद्धत होती. ध्वनिमुद्रण तीन पट्ट्यांच्या टेपवर. म्हणजे सगळा आवाज तीनच कप्प्यांत भरायचा. आपल्या मसाल्याच्या डब्यात सात वाट्या असतात म्हणून हळद हळदीत राहते आणि मोहरी मोहरीत. इथे तीनच वाट्या, आणि वरून त्या किंकाळ्या तिन्ही वाट्यांत सांडलेल्या. गायकांच्या तोंडापुढच्या माइकमध्येसुद्धा गाण्याच्या बरोबरीने किंकाळ्याच शिरत होत्या.

आणि गंमत अशी, की त्या चौघांना स्वतःचं गाणंच ऐकू येत नव्हतं! आज गायकांसमोर स्टेजवर वेगळे स्पीकर असतात, कानात यंत्रं असतात. तेव्हा यातलं काहीच नव्हतं. ढोलकीवाला, म्हणजे ड्रमवाला रिंगो स्टार, पुढे उभ्या असलेल्या जॉन आणि पॉलची पाठ बघायचा. त्यांच्या माना कशा हलताहेत, कंबर कशी हलतेय, यावरून गाणं कुठवर आलं ते ओळखून ताल धरायचा. आपल्याकडे मिरवणुकीत पुढच्या ताशावाल्याच्या हाताकडे बघत मागचा ढोलवाला वाजवतो ना, तसंच काहीसं. तरीही रेकॉर्ड ऐकताना ताल कुठे सुटत नाही. मी मुद्दाम कान देऊन ऐकलंय.

ते ध्वनिमुद्रण कुणाच्या पसंतीला उतरलं नाही. रेकॉर्ड निघाली नाही. पुढच्या वर्षी, १९६५ च्या ऑगस्टमध्ये २९ आणि ३० तारखेला त्याच ठिकाणी पुन्हा दोन कार्यक्रम झाले, पुन्हा टेप फिरली. २९ तारखेला तर पॉलचा माइकच सुरुवातीच्या गाण्यांना बंद पडलेला. म्हणजे तेही बहुतेक वाया. टेपा कंपनीच्या कपाटात गेल्या. दुसऱ्या वर्षी, २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोत शेवटचा कार्यक्रम करून बीटल्सनी दौरे करणंच सोडून दिलं. आपलंच गाणं आपल्याला ऐकू येत नसेल तर गायचं कशाला, हेही त्यामागचं एक मोठं कारण. त्यानंतर जी काही अजरामर गाणी झाली ती स्टुडिओत, बंद दाराआड. १९७० साली तर चौघे वेगळेच झाले.

१९७१ मध्ये फिल स्पेक्टर नावाच्या प्रसिद्ध निर्मात्याकडे त्या टेपा दिल्या होत्या, पण त्यातूनही काही निष्पन्न झालं नाही. कपाट पुन्हा बंद.

आता मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग. हे कपाट उघडलं कुणी? तर भास्कर मेनन नावाच्या एका भारतीय माणसाने.

मी तर उडालेच. कॅपिटॉल कंपनीचा अध्यक्ष एक मल्याळी गृहस्थ! १९३४ मध्ये तिरुअनंतपुरमला जन्म, डून स्कूल, दिल्लीचं सेंट स्टीफन्स, मग ऑक्सफर्ड. वडील के. आर. के. मेनन अर्थ खात्याचे सचिव होते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या एक रुपयाच्या नोटेवर त्यांची सही आहे. मुलाने मात्र नोटांचा नाद न धरता रेकॉर्डींचा धरला (नोटा नंतर आपोआप आल्याच म्हणा). १९५७ मध्ये लंडनला ईएमआय कंपनीत लागले, मग कोलकात्याला ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियात आले. म्हणजे आपली एचएमव्ही, कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याची. भाऊजींच्या खोक्यातल्या माणिक वर्मांच्या रेकॉर्डवरही तोच कुत्रा आहे.

आणि इथे आपली मुंबई येते बरं का. १९६८ च्या जानेवारीत जॉर्ज हॅरिसन मुंबईत आला होता, फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत एका चित्रपटाचं संगीत ध्वनिमुद्रित करायला. संतूरवादक शिवकुमार शर्मा त्या वादकांत होते. मुंबईच्या स्टुडिओत तेव्हा हवं तसं स्टिरिओ यंत्र नव्हतं, तर मेननसाहेबांनी ते कोलकात्याहून रेल्वेने मुंबईला आणवलं. दोन पट्ट्यांचं. शिवाय त्या इमारतीत इतर ऑफिसं. साडेपाचला ऑफिसं सुटली की जिन्यावरून उतरणाऱ्या पावलांचा आवाज थेट रेकॉर्डिंगमध्ये यायचा, म्हणून तेवढा वेळ थांबावं लागायचं. हे वाचलं आणि मला आमच्या जुन्या वाड्याचा लाकडी जिना आठवला. आवाजाला दार बंद करता येत नाही हेच खरं.

मेनन १९७१ मध्ये अमेरिकेत कॅपिटॉलचे प्रमुख झाले. कंपनी तेव्हा तोट्यात होती. त्याच वर्षी १ ऑगस्टला बांगलादेशच्या निर्वासितांसाठी पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी न्यूयॉर्कला मोठी मैफल केली. तिची रेकॉर्ड काढण्यावरून हॅरिसनचं आणि मेननचं इतकं वाजलं, की हॅरिसनने टीव्हीवर सगळ्यांसमोर मेननना नाव घेऊन आव्हान दिलं, की मी दुसरीकडून रेकॉर्ड काढतो, करा माझ्यावर खटला! तीन वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी रेल्वेने यंत्र आणवलं त्याच्याशी ही भांडणं. धंदा आणि मैत्री एका ताटात जेवत नाहीत, आमचे बाबा म्हणायचे.

तर १९७७ मध्ये या मेननसाहेबांनी बीटल्सचे जुने निर्माते जॉर्ज मार्टिन यांना सांगितलं, त्या हॉलिवूड बोलच्या टेपा जरा ऐकून बघा. मार्टिन नाखूश होते. असल्या गोंगाटातून काय निघणार, असं त्यांचं मत आधीपासूनच होतं.

मग आत्ताच का? बँड फुटून सात वर्षं झालेली. बीटल्सचा ईएमआयशी असलेला करार १९७६ च्या सुरुवातीला संपलेला. नवं गाणं येणार नाही, आणि लोकांची भूक तर तशीच. अशा वेळी कंपनी कपाटं धुंडाळणारच. आपणसुद्धा महिनाअखेरीला डबे हलवून बघतोच ना! दुसरं कारण चोरट्या रेकॉर्डींचं. या कार्यक्रमांच्या नकला परवानगीशिवाय विकल्या जात होत्याच. आणि त्याच १९७७ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या स्टार क्लबमधलं, १९६२ च्या डिसेंबरातलं एक ध्वनिमुद्रण बाजारात आलं. बीटल्स प्रसिद्ध व्हायच्या आधीचं, दारूच्या गुत्त्यातलं, घरगुती टेपरेकॉर्डरवर केलेलं. ते थांबवायला बीटल्स कोर्टात गेले आणि हरले. (पुढे १९९८ मध्ये जिंकले, तेव्हा हॅरिसन स्वतः साक्षीला उभा राहिला होता.) म्हणजे तुमच्या नावावर कुणीही काहीही विकतंय, आणि तुमच्या स्वतःच्या कपाटात त्याहून कितीतरी चांगला माल पडून आहे. मेननना हे कळत नसेल असं होईल का? मला तरी तो हिशेब स्पष्ट दिसतो. मेनन गाण्याचे जाणकार होते तसे पक्के व्यवहारीही होते. पण नुसता व्यवहार असता तर त्यांनी टेपा तशाच छापून टाकल्या असत्या. त्यांनी त्या आधी त्या माणसाच्या हाती दिल्या, ज्याला त्या आवडत नव्हत्या. हे मला शहाणपणाचं वाटलं.

मार्टिननी टेपा ऐकल्या आणि त्यांचं मत बदललं. आवाज वाईटच होता, पण त्यातला जोर, त्यातली वीज बघून ते चकित झाले. मग जेफ एमेरिक या आपल्या जुन्या ध्वनिमुद्रकाला घेऊन ते कामाला लागले. पहिली अडचण, तीन पट्ट्यांची टेप वाजवणारं यंत्रच मिळेना. तेरा वर्षांत ती यंत्रं मोडीत निघाली होती. एक कसंबसं चालू असलेलं मिळालं, तर ते जरा चाललं की तापायचं. मग त्यांनी काय करावं? व्हॅक्यूम क्लीनर उलटा चालवून त्याची गार हवा त्या यंत्रावर सोडली! एवढे मोठे संगीतकार, आणि वेळेला कामाला आलं ते घर झाडायचं यंत्र. हे मी यजमानांना मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं.

त्या गार वाऱ्यात तीन पट्ट्यांवरचा आवाज नव्या टेपेवर उतरवला, साफ केला, आणि १९६४ व १९६५ च्या कार्यक्रमांतून निवडून तेरा गाण्यांची रेकॉर्ड केली. नवीन काही गाऊन-वाजवून त्यात घातलं नाही. १९७७ च्या मे महिन्यात ती बाहेर आली. इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली, अमेरिकेत दुसऱ्या. रेकॉर्डच्या कव्हरवर मार्टिननी स्वतः हकिगत लिहिली आहे. त्यात शेवटी त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीची आठवण आहे. ती बापाला विचारते, की तुम्ही बीटल्सबरोबर काम करायचात ना, ते बे सिटी रोलर्सइतके भारी होते का? बे सिटी रोलर्स म्हणजे तेव्हाच्या शाळकरी मुलींचा लाडका बँड. बाप म्हणतो, बहुधा नसावेत. एक दिवस तिला कळेल, असं म्हणून त्यांनी विषय सोडून दिलाय. माझ्या लेकानेही मला एकदा विचारलं होतं, की लता मंगेशकर खरंच एवढ्या मोठ्या होत्या का. मी मात्र मार्टिनसाहेबांइतकी शांत राहू शकले नव्हते.

एवढं यश मिळून मग विस्मरण कसं झालं? १९८७ मध्ये बीटल्सचे अल्बम सीडीवर आले, तेव्हा स्टुडिओतले तेवढे अधिकृत यादीत बसले. ही रेकॉर्ड त्यात नव्हती. २००९ मध्ये सगळे अल्बम पुन्हा झळाळून काढले, तेव्हाही नव्हती. पंगतीत वाढताना एक पान राहून जावं आणि मग त्याची सवयच होऊन जावी, तसं. ९ सप्टेंबर २०१६ ला अखेर ती नव्याने आली, रॉन हॉवर्डने बीटल्सच्या दौऱ्यांवर काढलेल्या माहितीपटाच्या बरोबर. हे काम केलं मार्टिन यांचा मुलगा जाइल्स मार्टिन याने. तोवर नवं तंत्र आलं होतं. एकमेकांत मिसळलेले आवाज संगणकाने वेगळे काढता येतात. वाटीत सांडलेली मोहरी हळदीतून निवडावी तसं. चार गाणी वाढली, किंकाळ्या मागे सरकवल्या, गाणं पुढे आणलं. वडील हे पाहायला नव्हते. त्याच वर्षी ८ मार्चला, नव्वदाव्या वर्षी, ते गेले होते. भास्कर मेनन मार्च २०२१ मध्ये अमेरिकेत वारले.

लेकाने दोन्ही ऐकवल्या, १९७७ ची आणि २०१६ ची. नवी नक्कीच स्वच्छ आहे. गिटार कळते, शब्द कळतात. पण खरं सांगू? मला जुनीच जास्त भावली. कारण जुनीत त्या मुली पुढे आहेत.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई गाणं सोडून गोंगाटाच्या प्रेमात पडली. पण माझं तसंच झालंय. या रेकॉर्डबद्दल जे जे वाचलं, त्यात त्या किंकाळ्यांचा उल्लेख अडचण म्हणून. गाण्यावरचा डाग म्हणून. वेड्या पोरी, हिस्टेरिया, वगैरे. कुणीतरी एकदा थांबून विचारावं, की एवढ्या हजारो मुली एकाच वेळी, एकाच सुरात का ओरडत होत्या? १९६४ सालच्या अमेरिकेतली तेरा-चौदा वर्षांची मुलगी म्हणजे आपल्याला वाटते तशी मोकळी नव्हती. नीटनेटकं राहा, पाय जोडून बस, हळू बोल, मुलाने विचारेपर्यंत थांब. १९८६ मध्ये बार्बरा एरनराइक या लेखिकेने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी एका पुस्तकात मांडलं, की बीटल्ससाठीचं ते वेड म्हणजे साठच्या दशकातला मुलींचा पहिला मोठा, उघड उद्रेक होता. चळवळी नंतर आल्या. आधी ही किंकाळी आली. हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. त्या माहितीपटात सिगर्नी वीव्हर ही नटी सांगते, की शाळकरी वयात तीही त्या हॉलिवूड बोलच्या गर्दीत होती. आणि डॉ. किटी ऑलिव्हर नावाच्या एक कृष्णवर्णीय इतिहासकार आहेत, त्या १९६४ मध्ये जॅक्सनव्हिलच्या कार्यक्रमाला गेल्या होत्या. काळे-गोरे वेगळे बसवणार असाल तर आम्ही गाणार नाही, असं बीटल्सनी तिथे ठणकावलं होतं. गोऱ्या मुलींच्या शेजारी बसून तेव्हा त्याही ओरडल्या.

हे मला एवढं का लागलं ते सांगते. आठ वर्षं झाली, मी एका वस्तीत दर शनिवारी किशोरी वर्ग घेते. तेरा ते सतरा वयाच्या पंचवीसेक मुली येतात. आरोग्य, अभ्यास, कायद्याची तोंडओळख, असं काय काय. दोन वर्षांपूर्वी एका शिबिरात पाहुण्या ताईंनी खेळ सांगितला, की सगळ्यांनी डोळे मिटा आणि जेवढं मोठ्याने ओरडता येईल तेवढं ओरडा. मैत्रिणींनो, एकीच्याही तोंडून आवाज निघाला नाही. हसल्या, लाजल्या, एकमेकींना ढोसलं, आणि तोंडावर हात गेला. प्रत्येकीचा. तो हात कुणी शिकवला? ताईंनी सांगितलं म्हणून मी ओरडून दाखवायला गेले, तर माझाही आवाज घशातच अडकला. चाळीस ओलांडलेली बाई मी, भाजीवाल्याशी भांडते, ग्रामसभेत बोलते, पण नुसतं ओरडायचं म्हणून ओरडले कधी होते? बाळंतपणात एकदा. तेव्हाही नर्सने दटावलं होतं.

मग एक धिटुकली सुरू झाली आणि पाठोपाठ सगळ्याच. असा कल्लोळ, की समाजमंदिराचे पत्रे थरथरले. दुसऱ्याच दिवशी वस्तीतली दोन वडीलधारी मंडळी आली. "मॅडम, वर्ग घ्या, आमची ना नाही. पण पोरींचा आवाज रस्त्यापर्यंत येतो. बरं दिसत नाही." शेजारीच तालीम आहे. तिथे पोरांची गाणी रात्री अकरापर्यंत वाजतात. ते बरं दिसतं. मी भांडले नाही. वर्ग बंद पडला असता. मुलींना सांगितलं, जरा हळू घेऊ या. ते वाक्य मीच बोलले, हे मला अजून टोचतं.

तर ही रेकॉर्ड मी त्यांना ऐकवली. मोबाइलवरून, छोट्या स्पीकरवर. सगळी गोष्ट सांगितली, मेननसाहेबांची, व्हॅक्यूम क्लीनरचीसुद्धा. गाण्याचं त्यांना काही पडलं नव्हतं. एकीने विचारलं, "ताई, एवढ्या ओरडल्या, मग घरी गेल्यावर मार नाही पडला त्यांना?" दुसरी म्हणाली, "त्या गाणं ऐकायला गेल्याच नव्हत्या. ओरडायलाच गेल्या होत्या." एवढी जाडजूड पुस्तकं जे सांगतात ते हिने दहावी नापास असून सांगितलं. आता शेवटची पाच मिनिटं आम्ही ओरडण्यासाठी ठेवलीत. दार-खिडक्या लावून, पण ठेवलीत. वडीलधारी मंडळी अजून पुन्हा आलेली नाहीत. आली तर काय म्हणायचं ते या वेळी मी ठरवून ठेवलंय.

या सगळ्यात आणखी एक गोष्ट झाली. माझ्याकडे एक कॅसेट आहे. २००४ मधल्या माझ्या डोहाळजेवणाची. माहेरी झालं होतं, आईने गाणी म्हटली होती, मामाने टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता. आई २०१८ मध्ये गेली. तिच्या आवाजाची तेवढीच एक खूण. पण ऐकवत नसे, इतका गलबला. बायकांच्या गप्पा, बांगड्या, पोरांची रडारड. आई गातेय की नाही तेच कळेना. लेकाने ती एका ओळखीच्या मुलाकडे नेली. तो असली कामं करतो. त्याने मला फोन केला, "काकू, मागचा गोंगाट सगळा काढून टाकतो. आजींचा आवाज एकदम स्वच्छ येईल."

महिनाभरापूर्वी असता तर मी हो म्हटलं असतं. "दोन कर," मी म्हटलं. "एक स्वच्छ, आणि एक आहे तशी."

परवा आहे तशी लावली. सासूबाई पलंगावर पडल्या होत्या. आताशा त्यांना कमी ऐकू येतं आणि बोलतातही कमी. आईचं गाणं चाललं होतं, मधे मावशीचं ते खदखदून हसणं, मागे कुकरची शिट्टी, आणि आई गाता गाता ओळ अर्धी सोडून म्हणते, "अगं, बंद करा तो, भात लागेल खाली." तेवढ्यात एक खणखणीत आवाज सगळ्यांच्या वरताण येतो, "विहीणबाई, तुम्ही गा हो, मी बघते गॅसचं!"

सासूबाई उठून बसल्या. "ही कोण गं मधेच बोलतेय?"

"तुम्हीच की, आई."

"मी?" त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "परत लाव बरं ते."